मायेला मजुरी किती?

दिवाळीच्या साफसफाईत घरोघर एक प्रश्न माळ्यावरून खाली उतरतो. पितळेची भांडी चिंच लावून घासून होतात, रद्दी रद्दीवाल्याकडे जाते, मोडकी छत्री कुणाला तरी देऊन टाकता येते. पण पांढऱ्या फडक्यात बांधलेल्या त्या गाठोड्याचे काय करायचे, हे कुणालाच सांगता येत नाही. त्यात आईची इरकली असते, आजीचे नऊवारी लुगडे असते, काकूची इंदुरी साडी असते. नेसाव्या म्हटल्या तर त्या जागोजागी विरलेल्या. कुणाला द्याव्या म्हटल्या तर विरलेली साडी द्यायची कुणाला? आणि टाकवत तर नाहीतच. पूर्वी दारावर बोहारीण येई. तिच्याशी तासभर घासाघीस करून एखादे स्टीलचे पातेले पदरात पाडून घेतले, की गृहिणीला लढाई जिंकल्याचे समाधान मिळे. पण बोहारणीच्या टोपलीत नायलॉनची साडी टाकणे निराळे आणि आईचे लुगडे टाकणे निराळे. शेवटी गाठोडे पुन्हा माळ्यावर चढते आणि पुढच्या दिवाळीपर्यंत तिथे स्वस्थ बसते.

अशा गाठोड्यांवर माझ्या थोरल्या वहिनींचा संसार उभा आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल. पण त्या संसाराची एक भिंत तरी त्यांच्यावर नक्कीच उभी आहे. पुण्यात दोन खोल्या आणि एक गॅलरी एवढ्या जागेत वहिनी गिऱ्हाइकांच्या जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवून देतात, आणि त्याचे पैसे घेतात. हे शेवटचे चार शब्द वाचकांनी नजरेआड करू नयेत. गोधडी शिवायला शिकणे फारसे कठीण नाही. तिचे पैसे मागायला शिकणे किती कठीण आहे, हे मी वहिनींच्या घरी बसून पाहिले, आणि तेच आज सांगायचे आहे.

मराठीचा मास्तर असल्यामुळे कोणत्याही वस्तूकडे मी आधी तिच्या नावाच्या बाजूने जातो. पांघरुणांच्या बाबतीत आपली भाषा मोठी श्रीमंत आहे. कापूस भरलेली ती दुलई किंवा रजई. कापूस न भरता जुन्या कपड्यांचे थर एकावर एक घालून शिवलेली ती गोधडी. तीच जाडजूड आणि ठिगळांची झाली, की वाकळ. कुठे तिला लेपाटा म्हणतात. तान्ह्या बाळासाठी मऊ कापडाचे पदर शिवले, की दुपटे. चार पदरांची ती चौघडी. मोल्सवर्थच्या १८५७ सालच्या कोशात गोधडीही आहे आणि वाकळही आहे. शेजारच्या मुलखांतही तीच तऱ्हा. बंगालात कांथा, बिहारात सुजनी, सिंध-राजस्थानकडे रल्ली, उत्तर कानड्यातल्या सिद्दी बायकांची कवंदी. नावे निरनिराळी, पण मूळ वस्तू एकच. जीर्ण कापडाचे थर, आणि त्यांना धरून ठेवणारा साधा धावदोरा.

वस्तूला इतकी नावे. पण ती करणारीला? कापूस पिंजणारा तो पिंजारी, कपडे शिवणारा तो शिंपी, विणणारा तो विणकर. जेवणखाण आटोपल्यावर दुपारच्या वेळी मांडीवर गोधडी घेऊन बसणाऱ्या घरच्या बाईला मात्र आपण धंद्याचे नाव कधी दिले नाही. ती आई असे, आजी असे, विधवा आत्या असे. ज्या कामाला दाम नाही, त्याला नाव तरी कशाला लागते?

दादाचा कारखाना २०१८ साली बंद झाला, तेव्हा त्याचे वय ५३ होते. हातात आलेली रक्कम पुतणीच्या शिक्षणाला आणि घराच्या उरलेल्या हप्त्यांना लागली. त्यानंतर दादाला किरकोळ कामे मिळत आणि सुटत. वहिनींचे माहेर सोलापूरकडचे. सुई त्यांच्या हातात लहानपणापासूनची. आमच्या नात्यात कुणीही बाळंत झाले, की बाळंतविड्यातली दुपटी वहिनींकडूनच यायची. सगळे त्यांची वाखाणणी करीत; वाखाणणीला पैसे पडत नाहीत. एके दिवशी शेजारच्या बिऱ्हाडातल्या सूनबाईने विचारले, "काकू, माझ्या मैत्रिणीला असंच दुपटं हवंय. पैसे देईल ती. किती सांगू?"

वहिनी म्हणाल्या, "अगं, पैसे कसले? दोऱ्याचं काय होईल ते दे."

वाचकहो, घरात पैशाची निकड, हातात कसब, दारात गिऱ्हाईक, आणि तोंडातून मात्र 'पैसे कसले'! मध्यमवर्गीय संसाराची अर्धी कहाणी या एका वाक्यात आहे. पापड-लोणची विकणे आपल्याला आता चालते. शिकवण्या तर आपण पिढ्यान्‌पिढ्या करीत आलो. गोधडीची गोष्ट निराळी. एका बाजूने ती गरिबीची खूण. जुनेर शिवून विकायचे म्हणजे चारचौघांत कमीपणा. दुसऱ्या बाजूने ती मायेची वस्तू; तिला किंमत लावायची म्हणजे मायेचा बाजार. किंमत सांगायला गोधडी एकाच वेळी फार हलकी आणि फार भारी पडते. या कात्रीत सापडलेल्या बाईच्या तोंडून आकडा बाहेर पडावा कसा?

निकडीने तो शेवटी बाहेर काढला. पहिल्या मोठ्या गोधडीचे वहिनींनी ५०० रुपये सांगितले, तेही जमिनीकडे पाहत. गिऱ्हाईक बाई म्हणाल्या, "चारशे करा ना." वहिनींनी चारशे केले नाहीत, पण ते पाचशे घेताना त्यांना चोरट्यासारखे वाटले, असे त्याच मला म्हणाल्या. पुतणी त्या वेळी कॉमर्सला होती. ती वही-पेन्सिल घेऊन बसली आणि म्हणाली, "आई, आपण हिशेब करू या."

हिशेब समजायचा तर आधी काम समजले पाहिजे. साड्या आल्या, की वहिनी त्या पुन्हा एकदा धुऊन घेतात. मग एकेक साडी खिडकीसमोर उजेडात धरून पाहतात. जिथून उजेड चाळणीतून यावा तसा येतो, तिथे कापडाचा जीव संपलेला असतो. तो भाग आतल्या थरात घालायचा. दोन्ही अंगठ्यांनी कापड ताणून पाहायचे. टरकले तर आत, टिकले तर वरच्या अंगाला. गडद रंगाच्या साडीचा कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्याखाली दाबायचा. फडक्याला रंग लागला, तर ती साडी फिक्या साडीच्या शेजारी ठेवायची नाही, नाहीतर पहिल्याच धुण्यात फिक्या कापडावर डाग पडायचे. अस्तराला कोरे कापड घ्यायचे झाले तर ते आधी भिजवून आटवून घ्यायचे. जुन्या कापडाला जे आटायचे ते आटून झालेले असते; कोरे तसेच शिवले तर धुतल्यावर ते एकटेच आखडते आणि सगळी गोधडी चुण्या धरते.

मग पलंग भिंतीला सरकवून मधली फरशी मोकळी करायची. थर एकावर एक अंथरायचे, प्रत्येक थर मधून कडांकडे हाताने निपटत जायचा, आणि चारी कोपऱ्यांवर वजने ठेवायची. या कामासाठी माझ्या घरचे दोन जाड शब्दकोश वहिनींकडे कायमचे राहायला गेले आहेत. नंतर लांबलांब कच्चे टाके घालून थर जागच्या जागी बांधायचे, कडा आत दुमडायच्या, आणि मग खरे शिवण सुरू. रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून आणलेला जाड सुती दोरा, लांब सुई, आणि बोटाबोटाच्या अंतरावर एकामागून एक ओळी. कुणी सरळ ओळी घालतात, कुणी कडेपासून फेर धरीत मध्याकडे जातात. वहिनी सरळ ओळीवाल्या.

आता पुतणीचा हिशेब. ५ फूट रुंद आणि ७ फूट लांब गोधडी धरा. कापड किती लागते? नऊवारी लुगडे म्हणजे २७ फूट लांब आणि सुमारे पावणेचार फूट रुंद. जोड देत देत गेले तर अशा दोन लुगड्यांत गोधडीचे पाच थर निघतात. सहावारी साडीत मात्र दोन थरही पुरते होत नाहीत. हे कापड गिऱ्हाइकाचे. आता हात वहिनींचे. दोन ओळींत पाऊण इंच अंतर धरले, तर ५ फुटांत ८० ओळी. प्रत्येक ओळ ७ फूट, म्हणजे एकूण ५६० फूट शिवण. इंचाला ३ टाके धरले तर २० हजारांवर टाके. मिनिटाला २० टाके घालणारा सराईत हात असला तरी नुसत्या टाक्यांना जवळजवळ १७ तास. धुणे, निवडणे, अंथरणे, कच्चे टाके आणि कडा यांना ८ तास. एकूण २५ तास. पाचशेला पंचवीसाने भाग दिला, की ताशी २० रुपये. दोऱ्याचे पैसे त्यातूनच जायचे.

पुतणीने आकडा लिहिला आणि पेन्सिल खाली ठेवली. कुणी काही बोलले नाही. दादा उठून गॅलरीत गेला.

मग गोधडी यंत्रावर का शिवू नये? हा प्रश्न मी विचारला आणि तो सगळेच विचारतात. वहिनींकडे पायमशीन आहे. दुपट्याच्या कडा त्या त्याच्यावर मारतात. पण घरच्या यंत्रात सुई आणि उभा खांब यांच्यामध्ये वीतभर जागा. पाच थरांची, पलंगाएवढी गोधडी गुंडाळून त्या खिंडीतून सरकवायची म्हणजे गुंडाळी अडते, वरचा थर पुढे ढकलला जातो, खालचा मागे राहतो आणि मध्ये फुगोटे येतात. यावर उपाय निघालेला आहे, पण तो साता समुद्रांपलीकडे. आणि तो मला कळला माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीमुळे.

ही मुलगी लग्नानंतर अमेरिकेत, टेक्सास राज्यात स्थायिक झाली. गोधडीची तिकडची बहीण म्हणजे क्विल्ट. रंगीत तुकडे जोडून केलेला वरचा भाग म्हणजे 'टॉप', मध्ये कापसाचा किंवा दुसऱ्या कसल्या तंतूंचा पातळ थर, खाली अस्तर. टॉप हौसेने घरी जोडणाऱ्या बायका तिकडे पुष्कळ आहेत. पण तिन्ही थर एकत्र शिवण्याचे काम त्यांतल्या अनेकजणी पैसे देऊन करवून घेतात. ते काम ज्या यंत्रावर होते त्याला लाँगआर्म म्हणतात, म्हणजे लांब हाताचे यंत्र. आपल्या वीतभर जागेच्या ठिकाणी त्यात १८ ते ३० इंच जागा असते. शिवाय तिथे सगळा मामलाच उलटा. आपल्याकडे यंत्र स्थिर आणि कापड हलते. तिथे कापड स्थिर आणि यंत्र हलते. दहा-बारा फुटी चौकटीवर लाटण्यासारख्या लांब दांड्यांना थर ताणून बांधतात, आणि रुळांवर बसवलेले यंत्राचे डोके दोन्ही हातांनी धरून, कागदावर पेन्सिल फिरवावी तसे कापडावर फिरवतात. कागदावरच्या नक्षीवरून प्रकाशाचा ठिपका फिरवत नेला, की तीच वेलबुट्टी पलीकडे कापडावर उमटते. संगणकाच्या हुकमाने चालणारी यंत्रेही आहेत. किंमत हजारो डॉलरांत. काही तर मोटारीच्या किमतीची.

माझ्या विद्यार्थिनीने असले एक यंत्र हप्त्यांवर घेतले आणि गिऱ्हाइकांचे काम सुरू केले. वहिनींची आणि तिची मी फोनवर गाठ घालून दिली. यंत्राबद्दल बोलणे पाचच मिनिटे झाले, कारण ते यंत्र मांडायला वहिनींना आधी भिंत पाडावी लागली असती. उरलेला तासभर दोघी ज्या विषयावर बोलल्या तो अगदी सारखा निघाला. परक्याची वस्तू हातात घ्यायची कशी, आणि पैसे सांगायचे कसे?

ती म्हणाली, "काकू, पहिले कित्येक महिने मी नुसत्या साध्या कापडावर हात बसवला. मग माझ्या स्वतःच्या क्विल्ट शिवल्या, मग मैत्रिणींच्या. अनोळखी बाईचा टॉप आला तेव्हा मात्र रात्रभर झोप आली नाही. तिनं तो वर्षभर बसून जोडला होता."

तिकडे या धंद्याचे रिवाज ठरून गेले आहेत. भाव क्षेत्रफळावर. सगळीकडे एकच नक्षी असली तर चौरस इंचाला काही थोडे सेंट, जागेजागेला निराळी नक्षी हवी असली तर त्याहून पुष्कळ जास्त. समजा २ सेंट धरले, तर आपल्या ५ बाय ७ फुटांचे चौरस इंच होतात ५,०४०, आणि मजुरी होते १०० डॉलर ८० सेंट. गिऱ्हाइकाने काय आणायचे तेही आधी सांगितलेले. अस्तर टॉपपेक्षा चारी बाजूंनी ४-४ इंच मोठे हवे, नाहीतर ते चौकटीला बांधता येत नाही. टॉप इस्त्री केलेला हवा, मागचे दोरे कापलेले हवेत. काम घेताना कागदावर मापे, दोऱ्याचा रंग, नक्षी, तारीख सगळे लिहायचे. कडा लाटांसारख्या झाल्या असतील, शिवण कुठे उसवलेली असेल, तर ते गिऱ्हाइकासमोर बोलून दाखवायचे, काम सुरू करण्यापूर्वी. आणि नंबर तारखेप्रमाणे, मैत्रीप्रमाणे नाही.

फोन ठेवल्यावर वहिनी म्हणाल्या, "म्हणजे भाऊजी, तिकडच्या बायकांनाही हे शिकावंच लागतं तर!" हा त्यांना मोठाच दिलासा होता. आपल्याला पैसे मागता येत नाहीत हा आपल्या संस्कारांचा मोठेपणा किंवा स्वभावाचा दुबळेपणा आहे, असे त्या समजून चालल्या होत्या. ती शिकण्याची एक बाब आहे, कडा दुमडण्यासारखी, हे त्यांना त्या दिवशी समजले.

मग वहिनींनी दर ठरवला. चौरस फुटाला ७० रुपये. पस्तीस फुटांची गोधडी २,४५० रुपयांना. ताशी ९८ रुपये पडले. एक वही घातली. वहीच्या पहिल्या पानावर अटी लिहायचे काम माझ्याकडे आले. मी चांगल्या दहा ओळी लिहून दिल्या. वहिनींनी त्यांतल्या चार ठेवल्या. 'साड्या धुऊन आणाव्यात. अर्धी रक्कम आधी. विरलेले कापड वर लावायचा आग्रह धरू नये. तारीख दिली आहे ती पाळली जाईल.'

परिणाम काय झाला? त्या महिन्यात चौकशीला आलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक माणसे दर ऐकून परत गेली ती गेलीच. काहींनी तोंडावर सांगितले, की एवढ्यात दुकानातून छान ब्लँकेट येते. ते खरेच आहे; येते. नात्यातली माणसे अधिक दुखावली. आमच्या आत्याबाई तर कडाडल्या, "लुगडी आमची, आणि पैसेही आम्हीच द्यायचे?" वहिनी शांतपणे म्हणाल्या, "आत्याबाई, लुगडी तुमचीच राहतात. पंचवीस तास माझे जातात." घरच्या प्रत्येक नव्या बाळाला एक दुपटे वहिनींकडून आहेर म्हणून, त्यापुढचे सारे दराने, हा नियम तेव्हापासूनचा. आत्याबाईंनी अजून गोधडी शिवून घेतलेली नाही. दिवाळीचा फराळ मात्र पाठवतात.

जी गिऱ्हाइके राहिली ती टिकली, आणि त्यांनी आणखी आणली. मग एका दुकानदाराचा निरोप आला. दर महिन्याला ५० दुपटी, सगळी एकसारखी, कापड त्याचे, मजुरी वहिनींच्या दराच्या निम्म्याने. दादाला वाटले, घ्यावे. महिन्याची बांधलेली रक्कम येईल. वहिनींनी माझा सल्ला विचारला. मास्तर सल्ला देत नाही, उदाहरण देतो. मी त्यांना अलाबामाची गोष्ट सांगितली.

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अलाबामा राज्यात, विलकॉक्स परगण्यातल्या कृष्णवर्णीय बायकांनी १९६६ साली 'फ्रीडम क्विल्टिंग बी' नावाची सहकारी संस्था काढली. नागरी हक्कांच्या चळवळीचे ते दिवस. या बायका जुन्या कामाच्या कपड्यांच्या तुकड्यांतून, मनाला येईल तसे पट्टे जोडून क्विल्ट करीत. त्या आता न्यूयॉर्कसारख्या शहरांत विकल्या जाऊ लागल्या. १९७२ साली सिअर्स या मोठ्या दुकानदार कंपनीचे काम त्यांना मिळाले. कॉर्डरॉय कापडाचे उशांचे अभ्रे, सारखे, ठरल्या मापाचे. त्यात हाताला मोकळीक नव्हती, पण घरात नियमित पैसा आला. त्याच परगण्यातल्या जीज बेंड या वस्तीतल्या बायकांच्या मनमोकळ्या क्विल्ट पुढे २००२ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर टांगल्या गेल्या. २००६ साली त्यांच्यावर टपालाची तिकिटे निघाली. चूल पेटती ठेवायला अभ्र्यांनी मदत केली आणि नाव झाले ते क्विल्टनी. यातले एक खरे आणि दुसरे खोटे असे म्हणायची सोय नाही.

वहिनींनी गोष्ट ऐकून घेतली आणि स्वतःच तोड काढली. उन्हाळ्यात गोधडीची आठवण कुणाला होत नाही. तेवढे चार महिने दुकानदाराची दुपटी, तीही महिन्याला ५० ऐवजी २०, आणि मजुरी निम्म्याऐवजी पाऊणपट. पावसाळा सुरू झाला, की फक्त घरच्या गिऱ्हाइकांचे काम. दुकानदाराने आढेवेढे घेतले, पण मानले.

दर सांगायचा तो पोटासाठी, हे तर खरेच. पण दराचा आणखी एक उपयोग मला दिसला तो २०२३ च्या श्रावणात. दोन बहिणी आणि एक भाऊ वहिनींकडे आले. आई वारली होती. तिचे एक नऊवारी लुगडे उरले होते, एकच. त्याच्या तीन गोधड्या हव्या होत्या. वहिनींनी ते फरशीवर उलगडून मोजले आणि म्हणाल्या, "प्रत्येकाला वरचा एक थर येईल. आतले थर तुमच्या घरच्या दुसऱ्या कापडाचे." इथपर्यंत सगळे ठीक होते. मग धाकटी बहीण म्हणाली, "पदर मला." थोरली म्हणाली, "आईचं दोन वर्षं सगळं मी केलं." भाऊ काही बोलला नाही, त्याने पदराची घडी फक्त आपल्या बाजूला ओढली. लुगड्याला पदर एकच असतो.

कात्री वहिनींच्या हातात होती. त्यांनी ती डब्यात ठेवली, लुगड्याची घडी घातली आणि ते थोरलीच्या हातात देऊन वही पुढे केली. "तुम्ही तिघं आधी ठरवा. ठरेल ते इथं लिहा आणि तिघांनी सह्या करा. मग मी कापीन." तिघेही खाली मान घालून निघून गेली. आगाऊ दिलेली अर्धी रक्कम वहिनींकडेच होती. ती परत करायची म्हणून त्यांनी पाकिटात निराळी काढून ठेवली.

विचार करा. हेच काम वहिनी शेजारधर्म म्हणून फुकट करीत असत्या तर? 'करा हो काकू काहीतरी' म्हणून तिघांनी आपले भांडण त्यांच्या गळ्यात टाकले असते, आणि कुठेही कात्री लावली तरी दोघांचा रोष त्यांच्यावर आला असता. फुकट काम करणाऱ्याला अटी घालता येत नाहीत. दर, वही, सही या रुक्ष गोष्टींनी वहिनींना एक हक्क दिला; थांबण्याचा हक्क. आणि गिऱ्हाइकांना दिली ती एकत्र बसण्याची सक्ती.

महिन्याभराने तिघे आली. वहीत भावाच्या अक्षरात लिहिले आहे, ते मी वाचले आहे. पदर तीन फुटांचा. त्याच्या उभ्या तीन पट्ट्या करायच्या, प्रत्येकी सव्वा फूट रुंद. प्रत्येक गोधडीत ती पट्टी उशाकडच्या बाजूला. उरलेल्या २४ फुटांचे तीन सारखे तुकडे. खाली तीन सह्या. वहिनींनी त्या दिवशी दुपारी दार लावून घेतले आणि लुगडे कापले.

त्या गोधड्यांपासून एक नवी चाल वहिनींनी सुरू केली, तीही टेक्सासवाल्या मुलीच्या सांगण्यावरून. तिकडे क्विल्टच्या पाठीला कोपऱ्यात एक छोटे कापड शिवतात; त्यावर करणारीचे नाव, गाव आणि साल. वहिनी प्रथम लाजल्या. "गोधडीवर कुणी नाव घालतं का?" पण घातले. दोन इंचांची पांढरी पट्टी, वर त्या माउलीचे नाव, खाली स्वतःचे, शेवटी साल. आजवर शिवलेल्या दुपट्यांचा आणि गोधड्यांचा हिशेब वहिनींनाही लागणार नाही. पण त्यांच्या नावाच्या त्या पहिल्या तीन.

आता कच्च्या टाक्यांना शेजारच्या आळीतली एक बाई येते. तिला वहिनी तासावर पैसे देतात, आणि पहिल्या दिवशी तीही म्हणाली, "पैसे कसले, काकू?" वहिनींनी तिला वहीचे पान उघडून दाखवले. वही सध्या संक्रांतीपर्यंत भरलेली आहे. हे वाचून कुणाला आपले गाठोडे यंदा माळ्यावरून खाली काढावेसे वाटले, तर साड्या आधी धुऊन, लांबी-रुंदी मोजून ठेवाव्यात आणि आपल्या गावात शिवून देणारी बाई शोधावी. तिने दर सांगितला, की निदान पहिल्या खेपेस तरी 'थोडे कमी करा' म्हणू नये. वहिनींकडेच कुणी आले तर एक गोष्ट बजावून सांगायला त्यांनीच मला सांगितले आहे. भाऊजींची ओळख काढल्याने दर कमी होत नाही, आणि नंबरही पुढे सरकत नाही. माझ्या आईच्या लुगड्याचा नंबर पौषात आहे.